मेणा, मोटार आणि चितारी



वाहन हें माणसाच्या पायांचे श्रम वांचविण्यासाठीं निर्माण झालें, हें खरें. पण तेवढ्या उपयोगावर समाधान मानून माणूस कधींच थांबला नाहीं. पोळ्याच्या दिवशीं आमचा शेतकरी बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावतो, त्यांवर बेगड चिकटवितो, पाठीवर झूल चढवितो. त्यामुळें बैलाची चाल वाढत नाहीं, कीं दुसऱ्या दिवशींचा नांगर हलका होत नाहीं. तरीहि तो खर्च वायफळ आहे असें कोणी म्हणत नाहीं. मोटार हें तर निर्जीव यंत्र. तिच्या बाबतींत तरी हा मोह सुटेल असें कोणास वाटलें असेल, तर तें खोटें ठरलें आहे. बैलाला रंगविणारी माणसाची वृत्ति मोटारीपाशीं येऊनहि तशीच जागी राहिली.

आजच्या भाषणांत मला दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. पहिला असा कीं, जिला सेडान किंवा सलून म्हणतात त्या बंद, ऐटबाज मोटारीचा घाट इतकीं वर्षें लोकांच्या मनांत कां टिकला? आणि दुसरा असा कीं, अशा प्रतिष्ठित गाडीवर एखाद्या चितार्‍यानें कुंचला चालविला, तर तिचा मान वाढतो कीं जातो? हे दोन प्रश्न वेगळे दिसतात. पण पहिल्याचें उत्तर सांपडल्यावांचून दुसऱ्याचें सांपडत नाहीं.

प्रथम ‘सेडान’ या शब्दाकडेच पाहूं. तो मोटारीहून कितीतरी जुना आहे. सतराव्या शतकांत लंडनमध्यें माणसांनीं वाहून नेण्याच्या बंद खुर्चीला ‘सेडान चेअर’ म्हणत. १६३४ सालीं सर सँडर्स डन्कम या गृहस्थानें अशा खुर्च्या भाड्यानें देण्याचा परवाना पहिल्या चार्ल्स राजाकडून मिळविला. आंत एक माणूस, बाहेर दोन भोई, बाजूंना दांडे, समोर दार आणि डोक्यावर छप्पर, अशी तिची रचना. हें वर्णन ऐकतांच आपल्याला मेण्याची आठवण होते. पालखी उघडी असते. मेणा झांकलेला असतो. मेण्यांत कोण बसलें आहे तें रस्त्यावरच्या माणसाला दिसत नसे. परंतु मेण्याचा घाट, पडद्याचें कापड, दांड्याचा साज आणि भोयांची संख्या यांवरून आंतल्या माणसाची योग्यता त्याला बरोबर समजे. म्हणजे बंद वाहनाचें खरें वैशिष्ट्य हें कीं, तें माणसाला लपवितें आणि त्याच वेळीं त्याचा दर्जा जगाला दाखवितें. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत बंद मोटारीला नांव देण्याची वेळ आली, तेव्हां तेथील कारखानदारांनीं याच खुर्चीचें नांव उचललें. त्यांनीं मोटारीला मेण्याच्या घराण्यांत दत्तक घेतलें, असें म्हटल्यास चालेल.

१८८६ सालीं कार्ल बेंझनें जर्मनींत आपल्या तीन चाकी गाडीचें पेटंट घेतलें. तिला छप्पर नव्हतें, दारें नव्हतीं. पुढें बराच काळ मोटार म्हणजे उघडी गाडी, असेंच समीकरण होतें. श्रीमंत गिऱ्हाईक कारखान्यांतून केवळ चाकें, सांगाडा आणि एंजिन विकत घेई. वरचा डोलारा मात्र घोडागाड्या बांधणाऱ्या जुन्या पेढ्यांकडून करवून घेई. इंग्लंडांत बार्कर, हूपर, मलिनर अशा पेढ्या प्रसिद्ध होत्या. सुतारकाम, पत्र्याचें काम, चामड्याचें काम आणि रंगकाम यांचे निरनिराळे कसबी कारागीर तेथें असत. फीटन, लँडो, ब्रूहॅम हीं घोडागाड्यांचीं नांवें मोटारींना मिळालीं तीं याच वाटेनें. १९०७ सालीं रोल्स-रॉइस कारखान्याची एक गाडी बार्कर पेढीनें बांधून चंदेरी रंगानें रंगविली. तिच्या धातूच्या भागांना चांदीचा मुलामा दिला आणि तिचें नांव ‘सिल्व्हर घोस्ट’, म्हणजे चंदेरी भूत, असें ठेवलें. गाडी इतकी निःशब्द चाले कीं तें नांव तिला शोभलें. रंग आणि घाट मिळून मोटारीला स्वतःचें व्यक्तिमत्त्व येऊं शकतें, हें त्या एका गाडीनें जगाला पटविलें.

बंद मोटार सामान्य माणसाच्या आवांक्यांत आली ती अमेरिकेंत. १९२२ सालीं हडसन कंपनीनें एसेक्स नांवाची साधी बंद गाडी १४९५ डॉलरना विक्रीस काढली आणि तीन वर्षांत तिची किंमत उघड्या गाडीहूनहि कमी केली. जनरल मोटर्सचे सूत्रधार आल्फ्रेड स्लोन यांनीं दिलेल्या आंकड्यांप्रमाणें १९२४ सालीं अमेरिकन मोटारधंद्यांत बंद गाड्यांचें प्रमाण शेंकडा ४३ होतें. १९२७ सालीं तें शेंकडा ८५ झालें. याच सुमारास रंगाच्या शास्त्रांतहि क्रांति झाली. पूर्वीं वार्निशाचे थर एकावर एक चढवून, प्रत्येक थर वाळवून, घांसून गाडी रंगविण्यास आठवडेच्या आठवडे लागत. ड्यूपाँ कंपनीचें ‘ड्यूको’ लॅकर आलें आणि तें काम थोड्या तासांवर आलें. १९२४ च्या हंगामासाठीं ओकलंड जातीच्या गाड्या या नव्या रंगांत निळ्या होऊन बाहेर पडल्या. फोर्डची मॉडेल टी मात्र १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगांतच मिळत असे. मोटारीचा रंग ही निवडीची, आवडीची बाब आहे, ही कल्पना सर्वसामान्य घरांत शिरली ती तेव्हांपासून.

आतां घाटाकडे वळूं. जुन्या ऐटबाज सेडानचें चित्र डोळ्यांपुढें आणा. पुढें लांब बॉनेट, मध्यें बसण्याची खोली, मागें सामानाची पेटी. हे तीन भाग स्पष्टपणें वेगळे आणि तरीहि एका ओघवत्या रेषेनें जोडलेले. बॉनेट लांब होण्याचें कारण प्रथम अगदीं व्यावहारिक होतें. सहा किंवा आठ सिलिंडर एकामागें एक अशा ओळींत बसविलेलें एंजिन लांबच असणार. परंतु लोकांची नजर त्या लांबीचा अर्थ लावूं लागली: लांब बॉनेट म्हणजे मोठी शक्ति, आणि ती शक्ति जवळ असूनहि घाई न करणारा धनी. चाकें मोठीं आणि छप्पर बेताच्या उंचीचें. गाडीची उंची चाकाच्या दुप्पट असावी हें रोल्स-रॉइसच्या आंखणीकारांचें जुनें प्रमाण आहे. एखाद्या वाड्याच्या दरवाजाची उंची आणि रुंदी डोळ्यांना जशी ‘बसते’, तसें हें प्रमाण बसतें. कां, तें सांगतां आलें नाहीं तरी चुकलें असतां तत्काळ खटकतें.

या गाडीचें तोंड तर एक स्वतंत्र विषय आहे. पाणी थंड करण्याच्या जाळीला ग्रीक देवळाच्या दर्शनी भागाचा आकार दिलेला: उभ्या पट्ट्या हे खांब आणि वरचा त्रिकोण हें शिखर. जुन्या ग्रीक स्थपतींना माहीत होतें कीं, अगदीं सरळ खांब लांबून मध्यें बारीक झाल्यासारखा भासतो. म्हणून ते खांबाला किंचित् फुगवटा देत. तीच युक्ति या जाळीच्या पत्र्यांना केलेली आहे. त्यावर १९११ सालीं चार्ल्स साइक्स या शिल्पकारानें घडविलेली, वाऱ्यावर वस्त्र उडवीत पुढें झुकलेली स्त्रीची मूर्ति. एर्विन पानोफ्स्की हे कलेच्या इतिहासाचे थोर पंडित. त्यांनीं १९६३ सालीं या जाळीच्या पूर्वजांवर एक विद्वत्तापूर्ण निबंध प्रसिद्ध केला. खालीं देवळाची शिस्त आणि वर मूर्तींतली भावना, या जोडींत इंग्रजी कलेचा शतकानुशतकांचा स्वभाव उतरला आहे, असा त्याचा आशय. मोटारीची जाळी पंडितांच्या चर्चेला पात्र ठरावी, यांतच तिच्या घाटाचें सामर्थ्य दिसतें.

पुढें डोलारा वेगळा बांधण्याची पद्धति मावळली. जॉन ब्लॅचलींनीं आंखलेली १९५५ ची सिल्व्हर क्लाउड, १९६१ ची अमेरिकन लिंकन काँटिनेंटल, विल्यम लायन्स यांच्या देखरेखीखालीं १९६८ सालीं निघालेली जॅग्वार एक्सजे, या गाड्या कारखान्यांत शेंकड्यांनीं तयार झाल्या. तरी जुनें प्रमाण त्यांनीं सोडलें नाहीं. जॅग्वारचा तो मूळ आकार थोड्या फेरफारांनीं १९९२ पर्यंत चालू राहिला. आणि खरी गंमत तर पुढेंच आहे. २०२३ सालीं रोल्स-रॉइसची विजेवर चालणारी स्पेक्टर ही गाडी गिऱ्हाईकांच्या हातीं गेली. ती दोन दारांची आहे. तिच्यांत पेट्रोलचें एंजिन नाहीं, तेव्हां तेवढ्या मोठ्या जाळीचें प्रयोजनहि नाहीं. तरी देवळाचें तें तोंड तसेंच कायम आहे. कारण गेलें, रूप राहिलें. जानव्हशाची वेळ टळल्यावरहि मांडव उभा राहावा, तसाच हा प्रकार. पहिल्या प्रश्नाचें उत्तर मला येथें दिसतें: जो घाट उपयोगांतून जन्मतो, पण पुढें लोकांच्या मनांत अर्थ होऊन बसतो, तो उपयोग संपल्यावरहि मरत नाहीं.

असा अर्थपूर्ण घाट म्हणजे चितार्‍याला आव्हानच. त्यानें काय करावें? याचीं तीन वेगवेगळीं उत्तरें इतिहासांत आढळतात.

पहिलें उत्तर आपल्याच देशांतलें, कलकत्त्याचें. १९१० च्या सुमारास मॅथ्यूसन नांवाच्या तेथील एका धनिक इंग्रजानें लोस्टॉफ्ट येथील ब्रूक कंपनीकडून एक उघडी मोटार बांधवून घेतली. तिचा पुढचा भाग म्हणजे मान उंच केलेला प्रचंड हंस. त्याचे डोळे विजेनें चमकत, चोंचींतून फवारा उडे, अंगावर सोनेरी कमळें होतीं. एवढेंच नव्हे, तर हंसाच्या विष्ठेचा भास व्हावा म्हणून रस्त्यावर मागून पांढरा चुना सांडण्याचीहि योजना होती! रस्त्यांत इतका गोंधळ उडाला कीं पोलिसांनीं ही गाडी बाहेर काढण्यास बंदी केली, अशी हकीकत आहे. पुढें ती नाभ्याच्या महाराजांच्या संग्रहीं गेली आणि आज ती हॉलंडांत हेग शहरीं लाउमान संग्रहालयांत आहे. कारागिरी म्हणून ती अद्‌भुत आहे यांत शंका नाहीं. पण तिच्यांत मोटार कोठें आहे? सजावटीनें गाडीला गिळून टाकलें आहे. ज्या शहरांत बहुसंख्य माणसें पायीं चालत होतीं, तेथें एका धनिकाची लहर चार चाकांवर फिरली, इतकाच तिचा अर्थ. लोक थबकले, हंसले, भ्याले.

दुसरें उत्तर लंडनचें. बीटल्स या गायकवृंदांतील जॉन लेनन यांनीं १९६५ सालीं रोल्स-रॉइस फँटम-५ ही गाडी घेतली. ती काळी होती; राजेलोक आणि राजदूत यांना शोभणारी. १९६७ सालीं त्यांनीं ती पिंवळ्या रंगानें रंगवून तिच्यावर वेलबुट्ट्या, फुलें आणि छपरावर राशिचक्र काढवून घेतलें. हें काम सरे परगण्यांतील फॅलन यांच्या कारखान्यांत झालें आणि स्टीव्ह वीव्हर या चित्रकारानें तें केलें. लंडनच्या रस्त्यांत एका वृद्ध बाईनें संतापून आपल्या छत्रीनें त्या गाडीवर हल्ला केला, असें सांगतात. त्या बाईचा संताप हास्यास्पद मानूं नये. तिनें गाडीचा अर्थ चित्रकाराइतकाच अचूक ओळखला होता. हींच चित्रें एखाद्या स्वस्त गाडीवर काढलीं असतीं, तर कोणाची छत्री उचलली गेली नसती. शिवाय त्या वेलबुट्ट्यांची शैली कोणाची होती तें पाहा. इंग्लंडांतले जिप्सी लोक आपल्या घोड्याच्या घरगाड्या अशाच रंगवीत. गांवोगांवच्या वेशींवरून ज्यांना हांकलून देत, त्या भटक्यांची कला देशांतल्या सर्वांत प्रतिष्ठित गाडीच्या अंगावर चढली. आणि तरी हंसगाडीप्रमाणें येथें घाट लोपला नाहीं. देवळाचें तोंड, लांब बॉनेट, उंच खोली, सारें त्या फुलांखालूनहि स्पष्ट दिसतें. त्या दोहोंच्या झगड्यांतच तिची मौज आहे. १९८५ सालीं ती लिलांवांत जवळजवळ तेवीस लक्ष डॉलरना विकली गेली. काळीच राहिली असती, तर तिच्या भावंडांमध्यें ती आज हरवून गेली असती.

तिसरें उत्तर दक्षिण आफ्रिकेचें आहे, आणि माझ्या मतें तेंच सर्वांत मोलाचें. १९७५ सालीं एर्व्हे पुलँ या फ्रेंच लिलांवदार-शर्यतपटूच्या सूचनेवरून जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कारखान्यानें अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांच्याकडून एक शर्यतीची गाडी रंगवून घेतली. ती त्या वर्षीं ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतींत धांवली. पुढें फ्रँक स्टेला, रॉय लिक्टेनस्टाइन, अँडी वॉरहॉल अशा नामवंतांनीं गाड्या रंगविल्या. वॉरहॉल यांनीं तर १९७९ सालीं आपलें काम अर्ध्या तासाच्या आंत उरकलें. १९९१ सालीं मात्र कारखान्यानें एक ५२५आय जातीची चार दारांची सेडान एस्थर महलांगू या बाईंच्या हातीं दिली. या मालिकेंतल्या त्या पहिल्याच स्त्री चित्रकार.

एस्थरबाई न्देबेले समाजांतल्या. त्यांचा जन्म १९३५ चा. या समाजांत घराच्या भिंती रंगविणें हें स्त्रियांचें काम, आणि तें आईकडून मुलीकडे येतें. आपल्याकडे अंगणांतली रांगोळी जशी सासरीं-माहेरीं हातोहात जाते, तशीच ही विद्या. एस्थरबाई दहा वर्षांच्या असतांना आई आणि आजी यांच्याकडून ती शिकल्या. प्रथम मोजपट्टीशिवाय, नुसत्या हातानें काळ्या रेषा ओढावयाच्या आणि मग त्यांच्यामध्यें उजळ रंग भरावयाचे. या भिंतींना एक दुःखाचाहि इतिहास आहे. १८८३ सालीं बोअर लोकांशीं झालेल्या युद्धांत न्देबेले हरले. त्यांची जमीन हिरावली गेली आणि माणसें गोऱ्या शेतकऱ्यांच्या शेतांवर राबण्यासाठीं वांटून देण्यांत आलीं. विखुरलेल्या त्या घरांना आपली ओळख सांगण्यासाठीं भिंतीच तेवढ्या उरल्या होत्या.

आतां १९९१ सालचा तो प्रसंग नीट ध्यानांत घ्या. त्याच वर्षीं दक्षिण आफ्रिकेंत वर्णभेदाचे मुख्य कायदे रद्द होऊं लागले होते. पण देशाच्या कायदेमंडळासाठीं मत देण्याचा अधिकार काळ्या माणसाला अद्याप मिळाला नव्हता. तो १९९४ सालीं मिळाला. म्हणजे जिला आपल्या देशांत मत नव्हतें, तिच्या हातीं जगांतल्या सुखवस्तु वर्गाची एक मानाची गाडी आली. तिनें त्या गाडीचा उपहास केला नाहीं आणि तिच्यापुढें मान लववून केवळ किनारीहि काढल्या नाहींत. आपल्या घराच्या भिंतीला जो मान ती देई, तोच तिनें त्या पत्र्याला दिला. बॉनेट, दारें, मागची पेटी यांवर तिच्या समाजाच्या काळ्या रेषा आणि उजळ रंग जाऊन बसले. सेडानच्या बाजू सपाट आणि दारें चौकोनी. त्यामुळें त्या भौमितिक आकृतींना तें अंग जणूं घरचेंच वाटलें. येथें सजावटीनें घाट गिळला नाहीं किंवा त्याच्याशीं भांडणहि केलें नाहीं. बरोबरीच्या नात्यानें ती त्याच्या शेजारीं बसली. पुढें ही गाडी वॉशिंग्टनच्या स्त्री-कलाकारांच्या संग्रहालयांत आणि लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें लोकांनीं पाहिली. ज्या घरांच्या भिंतींकडे शेंकडों गोरे प्रवासी केवळ कुतूहलानें पाहून गेले, त्या भिंतींची विद्या या चार दारांनीं जगांत नेली.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचें माझें उत्तर असें: रंगानें मोटारीचा मान वाढतो कीं जातो हें रंगाच्या भडकपणावर अवलंबून नाहीं. रंगविणाऱ्याजवळ स्वतःचें असें कांहीं देण्यासारखें आहे कीं नाहीं, यावर तें अवलंबून आहे. मॅथ्यूसनजवळ केवळ पैसा होता. लेनन यांच्याजवळ थट्टा होती आणि तिच्या पाठीशीं दुसऱ्यांची कला होती. एस्थरबाईंजवळ घर होतें.

शेवटीं आपल्या मुंबईकडे येऊं. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९६४ पासून फियाट ११०० ही इटालियन घाटाची लहान सेडान बाहेर पडूं लागली. पुढें तिलाच ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. विलायती मापानें ती ऐटबाज गाडी नव्हे. पण नोंदणी करून वर्षानुवर्षें वाट पाहणाऱ्या मध्यम वर्गाला ती कोणत्याहि फँटमहून कमी नव्हती. आणि टॅक्सी होऊन ती साऱ्या शहराची झाली. तिचा बाहेरचा काळा-पिंवळा रंग सरकारी नियमानें ठरलेला. त्यावर चालकाचा अधिकार नव्हता. म्हणून त्यानें आपली हौस आंत भागविली. छताला फुलाफुलांचें कापड, आरशापाशीं देव, दिव्यांची माळ. २०१५ सालीं कांहीं तरुण कलाकारांनीं ही वाट ओळखून टॅक्सींचीं आसनें आणि छतें यांसाठीं नव्या चित्रांचीं कापडें छापलीं. बाहेर दर्जा आणि आंत माणूस, ही मेण्याची जुनी गोष्टच येथें पुन्हा घडली. फरक इतकाच कीं, आंतली सजावट आतां बसणाऱ्याची नसून वाहणाऱ्याची होती.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली. वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरची तिची टॅक्सी म्हणून सेवा संपली. एक तरी नमुना जतन करावा, अशी मागणी तेव्हां झाली. ती योग्यच होती. पण जतन करावयाची तर केवळ बाहेरून धुऊन-पुसून, चकचकीत रंग देऊन नव्हे. कोण्या एका चालकानें स्वखर्चानें लावलेलें तें छताचें फुलांचें कापडहि तिच्यांत तसेंच राहिलें पाहिजे. कारण गाडीचा घाट इटलीहून आला होता, पण तें कापड मात्र या शहरानें आपल्या हातानें लावलें होतें.